एक्केचाळीस नंबरचं झाड

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सरांना फसवलं, आणि त्यासाठी माझी सही वापरली. हे आधीच सांगून टाकतो. सरांबद्दल बोलायला लागलो की माझा राग निवत जातो, आणि तो निवलेला मला चालणार नाही.

सर माझे भाडेकरू. शिरवण्याच्या बाजूला आमची पाच मजल्यांची जुनी सोसायटी आहे. सगळ्यात वरचा एक फ्लॅट मी नंतर घेतला, त्याला लागून उघडी गच्ची आहे, तीही माझ्या नावावर. सर तिथे सात वर्षं राहिले. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, सेक्रेटरी चौथ्यावर, सरांच्या बरोबर खाली.

त्यांची माझी ओळख मात्र सोसायटीत नाही, वाशीच्या बाजारात झाली. मी साताऱ्याकडचा. लिंबांच्या गोण्या पाठीवर वाहता वाहता लिंबांचा व्यापारी झालो. माझ्या गाळ्यावर डागी माल येतो तेव्हा मी काही बोलत नाही. ज्या लिंबावर खैऱ्या रोगाचे खरखरीत तपकिरी फोड आहेत, असं एक उचलायचं आणि शेतकऱ्याच्या समोर ठेवायचं. बस. भाव आपोआप खाली येतो. आत रस तोच असतो, हे मला माहीत असतं, त्यालाही माहीत असतं. पण गिऱ्हाईक डोळ्याने घेतं.

एका सकाळी एक उंच, पोक आलेला म्हातारा गाळ्यापुढे उभा राहिला. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग.

"तुमच्याकडचा सगळ्यात खराब माल दाखवा."

लोणचंवाला असेल, असं समजून मी टाकाऊ ढिगाकडे बोट केलं. तो सरळ जमिनीवर बसला आणि एकेक लिंबू भिंगाखाली धरून बघायला लागला. आजूबाजूला हमाल ओरडतायत, हातगाड्या अंगावरून जातायत, हा आपला लिंबू फिरवून फिरवून बघतोय, मुलगी बघायला आल्यासारखा. अर्ध्या तासाने वीसेक लिंबं निवडून उठला.

"किती द्यायचे?"

"न्या तशीच. फेकायचीच होती."

"असं कसं? उत्तम आहेत ही. हा फोड बघा, कडा किती छान उठलीय. चांगल्या लिंबाचा जो भाव, तोच घ्या."

"अहो, डागी आहेत."

"म्हणूनच तर."

"बरं, अर्धा भाव द्या."

"पूर्ण घ्या, नाहीतर ठेवून जातो."

आयुष्यभर मी भाव ओढत आलो. कुणी माझा भाव वर ओढताना बघितला नव्हता. मला खरोखरच राग आला. मी म्हटलं, "मला काय भिकारी समजता?" तर ते शांतपणे म्हणाले, "नाही, शेठ. तुम्हाला तुमच्या मालाची किंमत कळलेली नाही, एवढंच." शेवटी मी पूर्ण पैसे घेतले. सौदा मी हरलो आणि पैसेही मलाच मिळाले, असं एकदाच झालं.

ते कुठल्याशा प्रयोगशाळेतून रिटायर झाले होते. झाडांना जिवाणूंमुळे होणारे रोग, हा त्यांचा जन्मभराचा विषय. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "इकडे जवळपास लिंबाची बाग आहे का कुठे?"

"इथे? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कारखाने. बाग कुठली?"

"मग मला इथेच जागा हवी. गच्चीसकट."

लोक बाग जवळ हवी म्हणतात. यांना लांब हवी होती. कारण ते गच्चीवर लिंबाची रोपं लावणार होते आणि त्यांना मुद्दाम रोग देणार होते. तो रोग दुसऱ्या कुणाच्या झाडाला जाऊ नये, म्हणून हे सिमेंटचं गाव त्यांना आवडलं.

रंगाच्या रिकाम्या बादल्या, कुंड्या, फुटके माठ, जे मिळेल त्यात बियांपासून वाढवलेली रोपं. प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर. गच्चीच्या दारावर त्यांच्या हाताने लिहिलेली पाटी होती: 'येथील पान, फळ, माती काहीही बाहेर नेऊ नये. रोगट झाड फेकू नये, जाळावे.' ही पाटी लक्षात ठेवा.

आत जायचं तर आधी चपलांचे तळवे आणि हात स्पिरिटने पुसायचे. बाहेर येताना पुन्हा. एकदा मी चिडून म्हटलं, "माझी स्वतःची गच्ची आहे ही!" ते म्हणाले, "गच्ची तुमची आहे, तळवे बाजाराचे आहेत." गच्चीवर ते कुणाशी हात मिळवत नसत, लांबून नमस्कार करत. पुढे साथीच्या दिवसांत सगळं जग तसं वागायला लागलं, तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं होतं.

निरोगी रोपांना पाणी मुळाशी, चमच्याने घातल्यासारखं. आणि ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्यावर जिवाणू कालवलेल्या पाण्याचा फवारा, मागून टेबलफॅन फुल स्पीडवर. स्वतः छत्री उघडून उभे. खैऱ्या वाऱ्यापावसातून पसरतो, म्हणून हे घरगुती वादळ. समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊन बघायच्या. निरभ्र आकाश, भर दुपार, आणि छत्री घेऊन कुंड्यांना वादळ दाखवणारा म्हातारा.

मी पार्किंगमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगायचो, "आमच्याकडे वर रोगाचा दवाखाना आहे. निरोगी जायचं, आजारी होऊन यायचं." लोक हसायचे. मलाही मजा यायची. तेव्हा.

सर आठवड्यातून एकदा बाजारात येत आणि माझ्या गाळ्यावर क्रेट उलटा टाकून बसत. एकदा माझा आणि एका जुन्या व्यापाऱ्याचा सौदा चालला होता, रुमालाखाली. आमची ही जुनी रीत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूच्याला आकडा कळत नाही. आता उघड बोली असते, पण जुने हात विसरलेले नाहीत. सर टक लावून बघत होते. सौदा झाल्यावर म्हणाले, "माझ्याशी करा."

मी त्यांच्या हातावर रुमाल टाकला. कुठलं बोट धरलं की काय, कितीदा दाबलं की किती, हे दाखवलं. ते डोळे मिटून बसले. मग माझी बोटं न सोडताच बोलायला लागले.

"शेठ, जिवाणू हेच करतो."

"जिवाणू लिंबं विकतो?"

"ऐका तर. पानाच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायची बारीक भोकं असतात. ओल असली की हा त्यातून पोहत आत जातो. नाहीतर अळीने केलेल्या जखमेतून. आत शिरणं सोपं असतं. पण तो पान खात नाही, कुरतडत नाही. पेशीच्या भिंतीला बाहेरून चिकटतो आणि एक सुई बाहेर काढतो. इतकी बारीक की या भिंगातून जन्मात दिसायची नाही. त्या सुईतून आपली प्रथिनं पेशीत सोडतो."

"विष."

"नाही ना! विष असतं तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. झाडाकडे पहारेकरी असतात, ते जिवाणूच्या शेपटीचा तुकडा ओळखून ओरडा करतात. काही प्रथिनं जाऊन त्यांची तोंडं बंद करतात. आणि एक प्रथिन थेट आत जातं, पेशीच्या केंद्रात. झाडाने कधी काय करायचं, ते सगळं जिथे लिहिलेलं असतं, तिथे. या प्रथिनात मणी ओवल्यासारखे तुकडे असतात. एकेक तुकडा डीएनएवरचं एकेक अक्षर चाचपतो." त्यांनी माझं एकेक बोट दाबलं. "चाचपत चाचपत ते एकाच ठिकाणी नेमकं जुळतं. झाडाच्या स्वतःच्या एका जनुकाच्या दारात. आणि ते जनुक चालू होतं."

"मग?"

"मग पेशी फुगतात. वाढत सुटतात. वरची त्वचा फाटते, फोड होतो, आणि जिवाणू त्यातून बाहेर पडून थेंबाबरोबर दुसऱ्या पानावर. तुम्ही ज्याला डाग म्हणता आणि भाव पाडता, तो जिवाणूने केलेला नाही. झाडाने केलाय. स्वतःच्या हाताने, हुकूम घरातूनच आलाय असं समजून."

मी म्हटलं, "म्हणजे झाड मूर्ख."

"झाड शिस्तीचं आहे, शेठ. मूर्ख असतं तर ऐकलंच नसतं."

त्यांना असं एक झाड हवं होतं जे ऐकणार नाही. बियांपासून आलेल्या हजारात एखाद्याच्या त्या दारावरचं अक्षर निसर्गानेच बदललेलं असेल, मग सुई टोचली जाईल, प्रथिन आत जाईल, चाचपेल, आणि आकडा जुळणार नाही. फोड उठणारच नाही. सात वर्षं ते हेच शोधत होते. रोप लावायचं, रोग द्यायचा, फोड मोजायचे, झाड जाळायचं, वहीत लिहायचं, त्याच नंबरच्या बादलीत पुढचं रोप.

सर आमच्याकडे रोज लिंबाचं सरबत प्यायचे, बिनसाखरेचं, तेही डागी लिंबांचं. "माणसाला यातलं काही होत नाही," हे दाखवायला. एका दुपारी खाली आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, आज साखर घाला."

बायको चमच्यासकट थांबली. "सर, बरं आहे ना?"

"एक्केचाळीस नंबर," ते म्हणाले, "ऐकत नाहीये."

मी स्पिरिटने तळवे पुसून वर गेलो. चाळीसवर फोडच फोड. बेचाळीसचंही तेच. मधल्या बादलीतल्या झाडाच्या पानांवर फिकट ठिपके होते, जिवाणू आत शिरल्याच्या जागा, आणि त्यापुढे काही नाही. हिरवंगार. सर त्याला 'हट्टी' म्हणायला लागले. माझी बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं आहे ते. कुणाचं ऐकत नाही, पण निदान ओरडत तरी नाही."

मी लगेच हिशेबाला लागलो. डाग न पडणारं लिंबू! मी म्हटलं, "सर, जाहीर करा." ते म्हणाले, "झाडाला तीनदा विचारायचं. पहिल्यांदा आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं." मी म्हटलं, "मग एक फांदी माझ्या ओळखीच्या नर्सरीत ठेवू, सुरक्षित राहील." तर त्यांनी नुसतं पाटीकडे बोट केलं. रोगाच्या जागेतली फांदी बाहेर जाणार नाही. दोन कलमं बांधली, तीही त्याच गच्चीवर, एक्केचाळीसच्या शेजारी. दुसऱ्या परीक्षेतही झाड पास झालं. तिसरी राहिली होती. मध्ये सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं.

आता सही.

सेक्रेटरीच्या छताला गळती होती, हे खरं आहे. तो भर बाजाराच्या वेळी माझ्या गाळ्यावर आला. गाडी खाली होत होती, मी दोन शेतकऱ्यांशी एकदम भांडत होतो. त्याने आधी हात पुढे केला. मी हात दिला. आमच्या धंद्यात हात दिला की बोलणं संपलं, कागद हा कारकुनाचा विषय.

"भाऊ, टेन्शन नको घेऊ. वॉटरप्रूफिंगची परमिशन आहे फक्त. गच्ची तुझी, म्हणून सही तुझी. कॉन्ट्रॅक्टर थांबलाय."

"सरांच्या कुंड्या?"

"बाजूला करू ना. माझ्यावर सोड."

गोणीवर कागद ठेवून मी सही केली. गोणी न फोडता मी कधी माल घेतलेला नाही. त्या दिवशी न वाचता सही केली.

दोन दिवसांनी बायकोचा फोन आला. सर हॉस्पिटलमध्ये होते, आणि गच्चीवरून कुंड्या उतरत होत्या. मी पोचलो तोवर गच्ची रिकामी. शिरवणे गावातला टेम्पोवाला रिकामा टेम्पो घेऊन राहिलेलं भंगार न्यायला आला होता. मी त्याच्यावर धावून गेलो. तो बिचारा घाबरला.

"मना काय ठावं, शेट? कागद हाय, तुमचीच सही हाय. न वर पाटीवं लिवलंय, जालाचं म्हून. मंग जालली."

कारखान्याच्या भिंतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर अजून धूर होता. मी राखेत पायाने उकरत बसलो. अर्धी वितळलेली एक बादली सापडली. तिच्यावर चारचा आकडा होता, पुढचा गेलेला. चाळिसातली कुठली, कोण जाणे.

सेक्रेटरीला पार्किंगमध्ये गाठलं. त्याने फाइलच काढली. दुसऱ्या कागदावर, वॉटरप्रूफिंगच्या सगळ्या मजकुराच्या खाली, एक ओळ होती: गच्चीवरील सर्व रोगट झाडे व साहित्य हटवून नष्ट करण्यास मालकाची हरकत नाही.

"वाचायचं होतंस, भाऊ."

"बाजूला करू म्हणालास!"

"लोक मला विचारतात, पोरांना काही झालं तर कोण जबाबदार. मी काय सांगू?"

"माणसाला होत नाही तो रोग!"

"मग ते सांगत फिरायचं होतंस. रोगाचा दवाखाना, रोगाचा दवाखाना, हे कोण सांगत होतं?"

मी त्याची कॉलर धरली. वॉचमनने सोडवलं.

दुसऱ्या दिवशी सर परत आले. डोळ्याला काळा चष्मा. मी जिन्यातच सगळं सांगितलं, सहीसकट. ते कठडा धरून उभे राहिले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा:

"जाळली का? नीट जाळली?"

"हो."

"मध्ये कुठे पानं सांडली नाहीत?"

"नाही, सर."

"मग ठीक." आणि दोन पायऱ्या चढून थांबले. "एक्केचाळीसही?"

मी मान हलवली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दिसलं नसेल म्हणून तोंडाने म्हटलं, "हो."

गच्चीवर कुंड्यांचे गोल डाग उरले होते. सर खाली वाकून एकेक हाताने चाचपत गेले आणि एका डागापाशी थांबले. मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "ओरडा ना! मला शिव्या द्या, त्याला द्या. पोलिसात चला." ते म्हणाले, "कागद खोटा नव्हता, शेठ. सही खरी होती. तुम्हाला वाटलं, आपणच म्हणतोय. पेशीलाही तसंच वाटतं."

वहीत एक्केचाळीसचं एक वाळलेलं पान चिकटवलेलं होतं. मी म्हटलं, "यातून काही होणार नाही का? तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत?"

"अक्षर वाचता येईल कदाचित. पण वाळलेल्या पानाला कुणी फसवू शकत नाही. म्हणजे त्याने नकार दिला, असंही म्हणता येत नाही. मला तिसऱ्यांदा विचारायचं होतं."

महिन्याने त्यांनी जागा सोडली. नवीन रोपं लावा, मी बादल्या आणून देतो, असं म्हटलं, तर हसले. "झाड वाढायला वर्षं लागतात, शेठ. माझ्याकडे आहेत ती मोजकी आहेत." किल्ली स्पिरिटने पुसून माझ्या हातात दिली. वादळाचा टेबलफॅन माझ्यासाठी ठेवून गेले. गेल्या वर्षी त्यांच्या पुतणीचा वर्ध्याहून फोन आला, सर गेले. फॅन माझ्या गाळ्यावर आहे. डागी लिंबू मी अजूनही शेतकऱ्यापुढे ठेवतो, भाव अजूनही पाडतो, खोटं कशाला सांगू. पण ठेवण्याआधी त्या फोडाची कडा एकदा बघितली जाते.

सरांच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. ते मोठे होते, पण तिथे चुकले. मी पेशी नाही. झाडाला आपलं अक्षर बदलता येत नाही; मला कागद उलटता येत होता. त्याचं उत्तर मी सरांना जिन्यात दिलं, आणि पार्किंगमधल्या माझ्या विनोदाचंही देतो: चूक माझी. पण सेक्रेटरीही जिवाणू नाही. जिवाणूला जाब विचारता येत नाही. माणसाला येतो.

तो म्हणतो, मी काही लपवलं नाही, सगळं लिहिलेलं होतं. ठीक. मी बोटं वाचून पोट भरलेला माणूस आहे. रुमालाखाली समोरच्याचं कुठलं बोट ढिलं आहे आणि कुठलं घट्ट, यावरून त्याच्या मनातलं मला कळतं. त्या सकाळी, सेक्रेटरी, तू पहिला कागद वर सरकवून खालच्या कागदाची फक्त सहीची जागा उघडी ठेवली होतीस, आणि दोन्ही कागद डाव्या अंगठ्याने गोणीवर दाबून धरले होतेस. वारा नव्हता. नख पांढरं पडलं होतं. मी ते बघितलं, आणि गाडी खाली होत होती म्हणून सोडून दिलं.

येत्या जनरल बॉडीत सगळ्यांसमोर उभा राहा आणि दुसरा कागद मोठ्याने वाच. मग सांग, तुझा अंगठा तिथे का होता?

उत्तर दे.